जांघेच्या हर्नियात जाळी बसवणाऱ्या सर्जन मंडळींना खुलं पत्र

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

मी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर आहे. तुम्ही हात पुढे करायच्या आत ज्या हातातून आर्टरी फोर्सेप्स तुमच्याकडे येतो तो हात माझा. नाव लिहीत नाही, कारण हे पत्र कुणा एका सरांवर नाहीये, जांघेच्या हर्नियात जाळी बसवणारे जेवढे म्हणून सर्जन आहेत त्या सगळ्यांसाठी आहे. चुकून कुणाला टोचलंच तर टोचू द्या, आम्हीही रोज तुमचं ऐकून घेतोच की.

माझं म्हणणं एकच आहे. पेशंट विचारतो, "डॉक्टर, ओपन चांगलं की दुर्बिणीचं?" (ओपन म्हणजे जांघेवर चिरा देऊन, दुर्बिणीचं म्हणजे पोटावरच्या बारीक भोकांतून.) त्याला एका केबिनमध्ये उत्तर मिळतं "दुर्बिणीचं, आता सगळे तेच करतात" आणि शेजारच्या केबिनमध्ये "ओपनच करा, उगाच पोटात गॅस कशाला भरायचा". दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ज्याला जे चांगलं जमतं तेच तो सांगतो. पण पेशंटला वाटतं हे शास्त्रानेच ठरवलंय, आणि तसं ते ठरलेलं नाहीये. "माझा हात यात बसलाय म्हणून मी हे करतो" हे वाक्य मी कन्सेंटच्या, म्हणजे पेशंटची संमती घ्यायच्या, वेळी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि सगळे अभ्यास वाचले तर त्यातून निघणारं खरं उत्तर मात्र जवळपास तेच आहे. (हो, आम्ही सिस्टर लोकही वाचतो. नाइट ड्युटीला दुसरं काय करणार.)

आधी जाळी, म्हणजे कमजोर भिंतीला आधार द्यायचं विणलेलं कापड, घालायची की नाही, तो प्रश्न. हा बऱ्यापैकी मिटलाय. इटलीचे सर्जन बॅसिनी यांनी 1887 च्या सुमाराला टाके घालून भिंत शिवायची पद्धत आणली, पुढची जवळपास शंभर वर्षं त्यातच फेरफार होत राहिले, आणि ताणून शिवलेले ते टाके सुटले की हर्निया पुन्हा वर. मग 1980 च्या दशकात अमेरिकेतले सर्जन लिश्टेनस्टाइन म्हणाले की ताणायचंच कशाला, वरून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची जाळी ठेवा. 1989 मध्ये त्यांनी 1000 पेशंट छापले, एकही हर्निया परत आला नाही असं त्यात होतं, अर्थात फॉलोअप 1 ते 5 वर्षांचाच होता. पुढे 2018 चा कॉक्रेन या अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला, 25 अभ्यास, सहा हजारांवर पेशंट, आणि हिशेब असा निघाला की बिनजाळीच्या ऑपरेशनऐवजी जाळीची 46 ऑपरेशनं केली की एक रिकरन्स, म्हणजे हर्निया परत येणं, वाचतो. आता 46 ला एक हे ऐकायला कमी वाटेल, पण जगात वर्षाला जांघेच्या हर्नियाची 2 कोटींच्या वर ऑपरेशनं होतात आणि पुरुषांमध्ये आयुष्यात कधीतरी हा त्रास होण्याची शक्यता 27 टक्क्यांच्या आसपास धरतात, त्यामुळे तो एक खूप मोठा होतो.

तरीही "मला जाळी नको" म्हणणारा पेशंट आला की त्याला येड्यात काढू नका. शोल्डाइसची थरांवर थर शिवायची पद्धत तयार हातात आजही उत्तम चालते, आणि डॉ. मोहन देसर्डा यांनी 2001 मध्ये छापलेली, पेशंटच्याच एक्स्टर्नल ऑब्लिक या पोटाच्या स्नायूच्या पट्टीने मागची भिंत भक्कम करायची पद्धतही लिश्टेनस्टाइनसमोर ठेवून तपासली गेलीय आणि काही वर्षांच्या फॉलोअपला ती मागे पडलेली नाही. प्रश्न पुन्हा तोच येतो, ती करणारा हात तुमचा आहे का. नसेल तर "मला ती येत नाही, ज्यांना येते त्यांच्याकडे पाठवतो" एवढं म्हणायला काय जातंय?

आणि जाळी म्हटलं की पेशंट घाबरतात त्यामागे एक वेगळीच भानगड आहे. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय साधनांवर नजर ठेवणाऱ्या एफडीएने 2019 मध्ये योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवायला लावली, त्या बातम्या नेटवर फिरतात, आणि जांघेचा हर्निया असलेला माणूस त्या वाचून येतो. ती जागा वेगळी, ते ऑपरेशन वेगळं. हे दोन मिनिटांत समजावता येतं, पण तुम्ही "नेटवर वाचू नका" म्हणून विषय संपवता, मग तो बाहेर येऊन आम्हाला विचारतो आणि आम्ही काही बोललो तर म्हणणार सिस्टर जास्त बोलते.

आता टेबलावरचं बोलू, कारण ते मी रोज जवळून बघते.

लिश्टेनस्टाइन कागदावर एकच ऑपरेशन आहे, टेबलावर ती दहा वेगवेगळी ऑपरेशनं होतात. एक सर जाळी कापताना आतली कड गोल ठेवतात, प्यूबिक ट्यूबरकल या जांघेजवळच्या हाडाच्या टोकापुढे ती चांगली 2 सेंटीमीटर जाईल अशी बसवतात, पहिला टाका हाडावरच्या पातळ आवरणात न घेता शेजारच्या जाड ऊतीत घेतात, शेपटी चिरून कॉर्डभोवती (वृषणाकडे जाणारी दोरी) फिरवतात आणि दोन्ही शेपट्या एकमेकांवर ओढून घेतात. दुसरे सर जाळी हाडापर्यंत कशीबशी पुरवतात, तीही अशी घट्ट की पेशंट उभा राहिला की ओढलीच जाणार. रिकरन्स होतो तो बहुतेक तिथेच, हाडाजवळच्या त्या कोपऱ्यात. दोघांच्याही ऑपरेशनच्या नोटमध्ये काय लिहिलेलं असतं? "लिश्टेनस्टाइन मेश हर्निओप्लास्टी केली." झालं. एवढंच.

आणि नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू. जांघेत तीन आहेत ना, इलिओइंग्वायनल, इलिओहायपोगॅस्ट्रिक आणि जेनायटल ब्रँच. काही सर त्या तिन्ही शोधून आम्हाला बोटाने दाखवतात, शिकाऊ डॉक्टरला विचारतात ही कुठली, मग जाळीच्या वरच्या कडेचा टाका घेताना इलिओहायपोगॅस्ट्रिक त्यात अडकत नाही ना ते वाकून बघतात. याला फार वेळ लागत नाही. बाकीच्यांकडे "असेल कुठेतरी" असा कारभार असतो. ऑपरेशननंतर महिनोन् महिने जांघेत दुखतंय, गाडीतून उतरताना कळ येते, संबंधांच्या वेळी दुखतं आणि ते सांगायची लाज वाटते असा पेशंट परत आला की त्या नर्व्हचं काय केलं होतं हे नोटमध्ये शोधून सापडत नाही. मग पुढचा सर्जन आंधळेपणाने आत जाणार.

हे दुखणं किरकोळ नाहीये. हर्नियासर्ज या आंतरराष्ट्रीय गटाच्या 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन महिन्यांनंतरही राहणारं, कामात अडथळा आणणारं दुखणं 10 ते 12 टक्के लोकांना असतं असं दिलंय, आणि आयुष्यच अडून राहावं इतकं त्यातल्या थोड्यांना. रिकरन्सचा आकडा तुम्ही अभिमानाने सांगता, हा सांगत नाही. पेशंटला मात्र रिकरन्सपेक्षा याचीच भीती जास्त असायला हवी, कारण परत आलेला हर्निया पुन्हा दुरुस्त होतो, अडकलेल्या नर्व्हचं तसं खात्रीने सांगता येत नाही.

दुर्बिणीवाले सर आता म्हणतील, बघा, म्हणूनच आम्ही मागून जातो. बरोबर आहे, मान्य. टेप असो की टॅप (दुर्बिणीच्या दोन पद्धती, टेप पोटाच्या पोकळीत न शिरता, टॅप पोकळीतून), जाळी स्नायूंच्या मागे बसते, समोरच्या त्या तीन नर्व्हच्या वाटेला सहसा जायचं नसतं, आणि स्वीडनमधल्या एका अभ्यासात, 2010 साली छापलेल्या, 5 वर्षांनी दुखणारे लोक टेपमध्ये 9.4 टक्के आणि लिश्टेनस्टाइनमध्ये 18.8 टक्के निघाले. म्हणजे थेट निम्मे. कामावर लवकर परत जातात हेही खरंय. पण मग तिकडे 2004 चा अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमधला अभ्यासही आहे, जवळपास 2000 पुरुषांची ऑपरेशनं, आणि 2 वर्षांनी रिकरन्स दुर्बिणीत 10.1 टक्के, ओपनमध्ये 4.9. दुप्पट. हा आकडा दाखवला की दुर्बिणीवाले चिडतात, की ते सर्जन शिकाऊ होते. अहो तोच तर मुद्दा आहे! त्याच अभ्यासात ज्यांनी आधी 250 च्या वर दुर्बिणीची ऑपरेशनं केली होती त्यांचा रिकरन्स 5 टक्क्यांच्या खाली होता, बाकीच्यांचा 10 च्या वर. पद्धत एकच, फरक हाताचा. हर्नियासर्जवालेही म्हणतात की हात बसायला 50 ते 100 ऑपरेशनं लागतात आणि पहिली 30-50 सगळ्यात नाजूक असतात. मग तुमच्या पहिल्या तिसातला पेशंट कोण होता, आणि त्याला ते माहीत होतं का?

दुर्बिणीत चूक कुठे होते तेही सांगते, कारण स्क्रीन आम्हालाही दिसते. 10 बाय 15 सेंटीमीटरची जाळी गुंडाळी करून पोर्टमधून आत जाते आणि तिथे उलगडते. पेरिटोनियम, म्हणजे पोटाचं आतलं अस्तर, खाली पुरेसं सोडवलेलं नसेल तर जाळी जागेवर दिसते छान, पण शेवटी गॅस सोडला की पेरिटोनियम परत वर येताना तिची खालची कड चटईच्या कडेसारखी उलटी होते आणि हर्नियाला तिथूनच वाट मिळते. जे सर घाई करत नाहीत ते खालची कड धरून ठेवतात, गॅस हळूहळू सोडतात, शेवटपर्यंत स्क्रीनवर नजर. जे करतात घाई ते तोपर्यंत ग्लोव्ह्ज काढायला लागलेले असतात आणि बंद करायचं काम ज्युनियरवर.

मग टॅकर, जाळीला बारीक खिळे मारायचं हत्यार. कंपनीची माणसं टॅकर इतक्या प्रेमाने देतात की वाटतं जाळी त्याच्याशिवाय उडून जाणार आहे. टेपमध्ये जवळजवळ कुठल्याच हर्नियाला फिक्सेशन, म्हणजे जाळी अशी अडकवणं, लागत नाही असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आतल्या बाजूचा मोठा डायरेक्ट हर्निया (कमजोर भिंतीतून सरळ पुढे येणारा) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लावा. आणि लावायचंच तर ट्रँगल ऑफ पेन (नर्व्हची जागा) आणि ट्रँगल ऑफ डूम (मोठ्या रक्तवाहिन्यांची जागा) सोडून, हे मी तुम्हाला शिकवायला नको, पण बाहेरच्या बाजूला खाली मारलेला टॅक मी बघितलाय आणि नंतर मांडीत आग होते म्हणून आलेला पेशंटही. त्या बाजूला जाऊन मागच्या नर्व्ह दुखावल्या की "दुर्बिणीत दुखत नाही" हे वाक्य कुठे ठेवायचं?

शिवाय दुर्बिणीला पूर्ण भूल लागते. लिश्टेनस्टाइन लोकलमध्ये, म्हणजे तेवढाच भाग बधिर करून, होतं, पेशंट गप्पा मारत असतो, आपण खोकायला सांगितलं की खोकतो आणि दुरुस्ती धरली की नाही ते तिथेच कळतं. हृदय अधू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ही केवढी मोठी सोय आहे. तरीही लोकलमध्ये करणारे सर कमी होत चाललेत, कारण त्याला धीर लागतो आणि हळू हात लागतो. मला विचाराल तर लोकलमध्ये नीट केलेलं लिश्टेनस्टाइन हे सर्जनची सगळ्यात कडक परीक्षा आहे, पेशंट जागा असतो ना.

कुणाला काय, यावर तुमच्यात फारसे मतभेद नाहीत, फक्त पेशंटपर्यंत ते पोचत नाही. दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर दुर्बिणीतून त्याच भोकांमधून दोन्ही होतात. आधी पुढून झालेलं आणि परत आलं तर मागून जा, मागून झालेलं परत आलं तर पुढून, म्हणजे जुन्या चिकटलेल्या जागेत हात घालावा लागत नाही. प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन झालेलं असेल तर मागची जागा अवघड असते, तिथे ओपन बरं.

बायकांबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय. बाईला जांघेत गाठ आली की नेहमीचा हर्निया समजून पुढून ऑपरेशन होतं आणि खालचा, मांडीच्या वरच्या टोकाशी येणारा फीमोरल हर्निया तसाच राहून जातो. स्वीडनच्या हर्निया रजिस्टरमध्ये परत ऑपरेशनला आलेल्या बायकांपैकी 41.6 टक्क्यांत फीमोरल सापडला, पुरुषांत हेच प्रमाण 4.6 होतं. म्हणजे एवढ्या बायकांच्या बाबतीत तो पहिल्या वेळी तिथे होता आणि दिसला नाही, किंवा नंतर झाला, दोन्हीत त्या बाईचं दुसरं ऑपरेशन टळलं नाहीच. मागून जाळी घातली की दोन्ही जागा झाकल्या जातात, म्हणून बायकांना दुर्बिणीचं करा असं सरळ लिहून ठेवलंय, अर्थात ते येणारा सर्जन असेल तर. तुम्हाला येत नसेल तर निदान ओपन करताना खाली बोट घालून फीमोरल बघा आणि नोटमध्ये "फीमोरल बघितला" असं लिहा. फीमोरल अडकायचं प्रमाण जास्त असतं आणि अडकलेलं आतडं काळं पडलेलं बघणं कुणालाच आवडत नाही.

प्लगबद्दल थोडक्यात. भोकात बूच बसवायची कल्पना पटकन पटते, ऑपरेशनही झटपट होतं, पण आत जास्तीचं परकं सामान राहतं, ते आकसून घट्ट गोळा होतं, आणि प्लग असो की दोन थरांची जोडजाळी, मार्गदर्शक तत्त्वांनी पहिली पसंती दिलेली नाही. पुढची आणि मागची दोन्ही जागा एकदम बिघडवून ठेवली तर परत आलेल्याला जायचं कुठून? बंद केलेलं बरं.

कमी वजनाची जाळी, स्वतःच चिकटणारी जाळी, टाक्यांऐवजी ग्लू. या सगळ्यांची पाकिटं मी फोडलीत. मोठ्या छिद्रांची हलकी जाळी सुरुवातीला थोडी बरी वाटते, आत काहीतरी आहे ही भावना कमी होते म्हणतात, पण लांबच्या दुखण्यात म्हणावा तसा फरक पडत नाही, आणि मोठ्या डायरेक्ट हर्नियात दुर्बिणीतून हलकी जाळी घातली तर रिकरन्सचीच काळजी. चिकटणाऱ्या जाळीने वेळ वाचतो, दुखणं वाचत नाही. आणि महागड्या पाकिटापुढे माझ्या डोक्यात नेहमी डॉ. रवींद्रनाथ तोंगावकर यांचं काम येतं, निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड जाळी म्हणून वापरून त्यांनी 2003 मध्ये ते छापलं तेव्हा कितीतरी लोक हसले असतील. पुढे युगांडात 302 पुरुषांवर रीतसर तुलना झाली, 2016 मध्ये छापून आली, वर्षभरात मच्छरदाणीवाल्या गटात एक रिकरन्स, कंपनीच्या जाळीवाल्या गटात शून्य, म्हणजे फरक जवळपास नाहीच. (पेशंट मंडळींपैकी कुणी वाचत असेल तर घरची मच्छरदाणी घेऊन येऊ नका, निर्जंतुक करणं हीच त्यातली खरी गोष्ट आहे.) रोबोटचंही तेच, 2020 मध्ये दुर्बिणीशी तुलना करून बघितली, वेळ जास्त लागला आणि पेशंटचा फायदा काही दिसला नाही. तरी जाहिरात रोबोटचीच होणार.

आणि हो, कधीकधी काहीच न करणं हाही एक पर्याय असतो, तो तर कुणी सांगतच नाही. फारसा त्रास नसलेल्या 720 पुरुषांवर केलेला 2006 चा अभ्यास आहे, त्यात वाट बघणाऱ्यांमध्ये अचानक अडकण्याचं प्रमाण हजारात वर्षाला 1.8 इतकं कमी होतं. 2 वर्षांत साधारण चौथ्या हिश्श्याने ऑपरेशन करून घेतलं आणि 10 वर्षांत दोनतृतीयांशांहून जास्त लोकांनी, बहुतेक दुखायला लागलं म्हणून. म्हणजे बहुतेकांना ते कधीतरी करावं लागणारच आहे, पण पुढच्याच आठवड्यात करा नाहीतर आतडं अडकेल असं घाबरवायची गरज नाही. हे फक्त पुरुषांचं, बायकांना असं थांबवू नका, कारण वर सांगितलंय.

आता मागणी काय ते सांगते. कन्सेंट घेताना पेशंटला सांगा की तुम्ही कुठली पद्धत करणार, ती का, तुमची स्वतःची अशी साधारण किती झालीत, आणि दुसरी पद्धत कुणाला बरी पडते. नोटमध्ये लिहा: जाळी कुठली, किती मोठी, कशी लावली, तीन नर्व्हचं काय केलं, कापली असेल तर कुठली, हाडापुढे जाळी किती गेली, बाईचं असेल तर फीमोरल बघितला का. यासाठी साधा छापील फॉर्म करता येईल, खुणा करायच्या, मी भरून तुमच्यापुढे सहीला ठेवेन, तुम्हाला पेन शोधायचीही गरज नाही. वर्षाने प्रत्येकाला एक फोन करा, तीनच प्रश्न, दुखतं का, गाठ आली का, पुन्हा करून घ्याल का. स्वीडनवाले 1992 पासून आणि डेन्मार्कवाले 1998 पासून असं रजिस्टर ठेवतात म्हणून आपण आज त्यांचे आकडे सांगत बसलोय. तुमच्या हाताचा आकडा तुम्हालाच माहीत नसेल तर पेशंटला कुठला सांगणार.

आणि एक काम तर आजपासूनच होऊ शकतं. जाळीच्या पाकिटात सोलून लावायचे स्टिकर असतात, एक फाइलमध्ये लागतो आणि उरलेले रिकाम्या पाकिटाबरोबर कचऱ्यात जातात. त्यावर कंपनी, जाळीचा प्रकार, साइज, लॉट नंबर सगळं असतं. त्यातला एक पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवायला सांगा, म्हणजे उद्या त्याला परत कुणी उघडायची वेळ आली तर आत काय आहे ते त्याच्याजवळच असेल. चिकटवायचं काम आम्ही करतो, तुम्ही फक्त "नको सिस्टर, राहू दे" म्हणू नका.

तुमच्याच थिएटरमधली एक सिस्टर